वध किंवा उद्धार

"राक्षसांची भाषा अगदी अस्सल उतरलीय हो! कल्पना करायची गरजच पडली नसेल तुम्हाला. घरातच ऐकली असणार."

सर असं म्हणाले आणि सगळे हसले.

नाशिकच्या उच्चभ्रू गंगापूर रोडवरच्या एका साहित्य मंडळाचं कार्यालय. रविवारची सकाळ. भिंतीवर हार घातलेले थोर लोक, खाली सतरंजीवर त्यांचे वारस. मी टेबलाशी उभा, हातात माझ्या कादंबरीची पानं. सर म्हणजे या मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक. नाशकात कोण लेखक आणि कोण नुसताच लिहिणारा, हे ते ठरवतात.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. कोणी धोंडा मारला तर तो झेलायचा, वर उडवायचा, दुसऱ्या हातात घ्यायचा आणि टाळ्या मिळवायच्या, अशी माझी जात. म्हणजे स्वभाव. दुसरी जात सरांनी चहाच्या आधीच काढून घेतली होती.

"गाव कुठलं तुमचं?"

"दिंडोरीकडचं, सर."

"वा. गावात कुठे राहता?"

गावात कुठे म्हणजे कुठल्या बाजूला. मी म्हणालो, खालच्या अंगाला. सरांनी मान डोलावली. झालं. एवढ्यावर त्यांना माझे आजोबा-पणजोबा सगळे दिसले.

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. नटबोल्ट, बेअरिंग, ऑइल सील देणं-घेणं. उरलेल्या वेळात बोलतो. पोट सुटलेलं, आवाज दणदणीत, हातवारे मोफत. कॅन्टीनमध्ये मी भुताच्या गोष्टी सांगायला लागलो की पोरं ताटातली भाजी गार करतात. त्यातूनच ही कादंबरी झाली. नाव 'आम्ही उरलेसुरले'.

तुम्हाला सांगतो तरी काय आहे ती. मला राहवत नाही.

पाच जणांची टोळी आहे. एक हडळ, सुमन नावाची. कंपनीत कामाला लागते. पण तिची पावलं उलटी. ती आत आली की मातीत पावलं बाहेर गेल्यासारखी उमटतात, म्हणून वॉचमन रोज तिच्या नावापुढे 'गेली' असं लिहितो आणि बाईला पगारच मिळत नाही. एक मुंजा. त्याचा पिंपळ रस्ता रुंदीकरणात गेला. आता तो मोबाइलच्या टॉवरवर राहतो. रेंज चांगली येते म्हणतो, पण सावली नाही. एक चकवा. लोकांना रस्ता चुकवणं हा त्याचा खानदानी धंदा, तर सिडकोत रिक्षा चालवायला लागल्यावर तो स्वतःच चुकतो. तरी त्याची रिक्षा कायम भरलेली, कारण घरी जायची इच्छा नसलेली माणसं नाशकात भरपूर. एक राक्षस, दाढ किडलेला, खिचडीवर जगणारा. आणि पाचवा निवेदक. तो नक्की कोण आहे ते तो शेवटपर्यंत सांगत नाही. एवढंच सांगतो की तो यांच्यातलाच.

हे पाच जण भाड्यानं खोली शोधत फिरतात. त्या सकाळी मी तोच भाग वाचला होता. घरमालक विचारतो, "तुमच्यात खातात काय?" राक्षस खोटं बोलत नाही. म्हणतो, "माणसं. पण आता सोडलंय." घरमालक विचार करतो. म्हणतो, "माणसं चालतील. मटण नको."

इथे सतरंजी हसली होती. खरंखुरं हसली होती. गंगापूर रोडवरच्या लोकांना आपल्या लिहिण्यावर हसवणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. मी हवेत होतो. आणि मग सरांनी तो धोंडा मारला. भाषा, अस्सल, घरातच.

घरातच. म्हणजे माझी आई हडळ. माझा बाप राक्षस. एका वाक्यात सरांनी हसणं माझ्या पुस्तकावरून उचललं आणि माझ्या घरावर नेऊन ठेवलं. आणि त्या हसण्याला मी ठेका धरला.

वाचन संपल्यावर मला आतल्या खोलीत बोलावलं. सर आणि ताई. ताई म्हणजे मंडळाच्या चिटणीस. प्रेमळ बाई. इतक्या प्रेमळ की त्यांच्याशी बोलून बाहेर पडलं की अंग चिकट वाटतं.

"कादंबरी आपलं मंडळ काढणार," सर म्हणाले. "नाशकातून असं काही आलेलं नाही. फक्त दोन गोष्टी."

"बोला सर."

"पहिली, निवेदक. राक्षस नाय-हाय बोलतात, ते ठीक. शोभतं त्यांना. पण तुमचा निवेदकही तसंच बोलतो. निवेदक शुद्ध हवा. नाहीतर वाचकाला कळणार कसं, राक्षस कोण आणि माणूस कोण?"

"सर, पण निवेदक त्यांच्यातलाच हाय. पहिलंच वाक्य तसं हाय."

पहिलं वाक्य असं आहे: 'आम्ही पाच जण, आन आमच्यात माणूस कोणीच नाय.'

"तेच ना. तेच खटकतं," सर म्हणाले. "दुसरी गोष्ट, शेवट. एवढे राक्षस आणलेत, शेवटी त्यांचं काहीच होत नाही. ते आपले तसेच. असं कसं चालेल? वध हवा. आपल्याकडे परंपरा आहे तशी."

ताई पुढे झुकल्या. "वध नको वाटत असेल तर उद्धार करा ना, दादा. उद्धार छान वाटतो."

"वध किंवा उद्धार," सर म्हणाले. "दोन्हीपैकी काहीही करा. आमचा आग्रह नाही."

आग्रह नाही! मी मोठ्यानं हसलो, तेही हसले. मग मी म्हणालो, "सर, निवेदक बदलणार नाय. शेवट बी बदलणार नाय." सरांनी हात हलवला. "बरं बरं. किरकोळ संपादन होईल, तेवढं चालेल ना?" किरकोळ चालेल, असं मी म्हणालो. किरकोळ म्हणजे काना-मात्रा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये शकीलभाईला सांगितलं. शकीलभाई माझ्याबरोबर स्टोअरला. नाशकातल्याच वडाळ्याचा. माझी कादंबरी छापली जायच्या आधी ज्याला तोंडपाठ झाली असा एकमेव माणूस.

"वध तो समझा," तो म्हणाला. "ये उद्धार क्या चीज है?"

"म्हणजे राक्षसाला मारायचं नाय. सुधारायचं. पाया पडायला लावायचं, शुद्ध बोलायला शिकवायचं. मग तो चांगला."

शकीलभाईनं पोळी मोडली. "म्हणजे मारणारच. फक्त प्यार से."

काही आठवड्यांनी ताईंचा फोन. पुस्तक तयार आहे. प्रकाशनाचा कार्यक्रम ठेवलाय, मोठ्या हॉलमध्ये.

"दादा, तुमच्या भागात ते बोहाड्याचं असतं ना, मुखवटे घालून नाचतात ते? तसं एखादं तोंडाला लावून याल? वातावरणनिर्मिती होईल. तुम्ही राक्षस होऊन स्टेजवर यायचं, सर तलवारीनं तुमचा वध करतील, तुम्ही पडायचं, आणि तुमच्या हातातलं पुस्तक सर वर धरतील. झालं प्रकाशन! कशी वाटली कल्पना?"

खरं सांगू? मला आवडली. मी तमासगीर माणूस. मला स्टेज दिसलं की अक्कल दिसत नाही. घरची सगळी रद्दी भिजत घातली, लगदा केला, रेड्याचं तोंड बनवलं. शिंगं ही अशी. डोळे लालभडक. जीभ छातीपर्यंत. बायको दारात उभी राहून बघत होती.

"आधीचं तोंड काय कमी हाय का?" ती म्हणाली. "हे कशाला अजून?"

"कार्यक्रम हाय."

"मारणार कोण तुम्हाला?"

"सर."

"मग जपून पडा," ती म्हणाली. "त्या लोकांना खरंच वाटंल."

कार्यक्रमाचा दिवस. संध्याकाळ. हॉल भरलेला. अत्तर, गजरे, कडक इस्त्री. शेवटच्या रांगेत शकीलभाई आणि कंपनीतली पाच-सहा पोरं, ड्युटीवरून सरळ आलेली, निळ्या शर्टांत. मी विंगेत. मुखवटा काखेत. ताईंनी माझ्या हातात रिबीन बांधलेलं पुस्तक दिलं आणि त्या माइककडे गेल्या.

माझं पुस्तक. मी रिबीन सरकवली. आपलं मूल कोण बघत नाही?

पहिलं पान. पहिलं वाक्य.

'ते पाच जण होते आणि त्यांच्यात माणूस कोणीही नव्हता.'

मी परत वाचलं. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचं पुस्तक हातात आलं. वर नाव माझंच. पान उलटलं. ते. आणखी पानं उलटली. ते, त्यांचे, त्यांना. सगळ्या पुस्तकातून 'आम्ही' वेचून काढला होता, तांदळातून खडे काढावेत तसा. माझा निवेदक उठून पलीकडे जाऊन बसला होता. सरांच्या शेजारी. खुर्चीत. तिथून तो शुद्ध मराठीत माझ्या सुमनच्या उलट्या पायांचं वर्णन करत होता.

शेवटचं पान काढलं. माझा शेवट गेला होता. तिथे लिहिलं होतं: 'त्यांना आपल्या कृत्यांचा पश्चात्ताप झाला. सुमन अंगणवाडीत रुजू झाली. हळूहळू ते माणसांत आले.'

माणसांत आले!

मला आधी हसू आलं, हे खरं. हडळ अंगणवाडीत! पोरांना उलटं चालायला शिकवणार का? मग हसू थांबलं. अचानक, पंखा बंद पडावा तसं. बाहेर ताई म्हणत होत्या, "आणि आता येत आहे आपल्या नाशिकच्या मातीतला राक्षस!" टाळ्या. कोणीतरी टेपवर संबळ लावला.

मुखवटा चढवला आणि गेलो.

नाचलो. मन लावून नाचलो. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं इतका चांगला नाचलो. मग सर आले. खांद्यावर शाल, हातात तलवार. थर्माकोलची, वरून चंदेरी कागद. त्यांनी ती उगारली. फोटोवाला पुढे आला. सर क्षणभर तसेच थांबले, फोटोसाठी. आणि त्या थांबण्यात मला माझा बाप दिसला.

आमच्या गावच्या बोहाड्यात सोंगं वाटलेली असतात. देवीचं सोंग वरच्या आळीतल्या पाटलांच्या घरात. रेड्याचं आमच्या घरात. कोणी ठरवलं? कोणीच नाही. तसंच आहे. पहाट फुटून उजाडलं की देवी रेड्याला मारणार आणि रेडा पडणार. माझा बाप पडायचा. गुडघे आधी, मग खांदा, मग मान, शिंग न मोडता. पाटलाचा मुलगा देवीच्या सोंगात त्याच्या छातीवर पाय ठेवायचा. एका वर्षी त्यानं पाय काढलाच नाही. दारू प्यायलेला होता. सोंगाआडून म्हणाला, "लय खाल्लंय यंदा या रेड्यानं." लोक हसले. बाप खाली पडून होता. मेलेल्यानं हलायचं नसतं. मी तेव्हा लहान, आईचा पदर धरून उभा. घरी आल्यावर आईनं पाणी तापवून दिलं. बापानं छाती शेकली आणि मला विचारलं, "कसा पडलो रं? चांगला पडलो ना?"

तो विचारत होता. मी 'हो' म्हणालो होतो. काय सुंदर पडायचा माझा बाप! काय जीव ओतायचा त्या पडण्यात! दुसरं काही करायला दिलंच नव्हतं त्याला कोणी.

थर्माकोलची तलवार माझ्या मानेला लागली. कुरकुर असा आवाज झाला.

मी उभा राहिलो.

सरांना वाटलं, मला कळलं नाही. त्यांनी परत मारली. जरा जोरात. टोक वाकलं.

"पडा," सर कुजबुजले.

मी उभा.

"अहो, पडा ना. फोटो घ्यायचाय."

"नाय," मी म्हणालो.

मुखवट्यातून आवाज घुमतो. तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. संबळ कोणीतरी बंद केला. सर हसले, तोंडभर, लोकांकडे बघून. आणि दात तसेच ठेवून मला म्हणाले, "तमाशा करू नका. तुम्हाला इथे उभं आम्ही केलंय."

आम्ही. बघा! तो शब्द सरांना येत होता. माझ्या पुस्तकातून काढून त्यांनी तो स्वतःच्या तोंडात ठेवला होता.

मी हातातलं पुस्तक टेबलावर आपटलं आणि माइक घेतला. मुखवटा काढला नाही. रेड्याच्याच तोंडानं बोललो.

"मंडळी, हे पुस्तक माझं नाय. यावर माझं नाव हाय, पण आत मी नाय. यातला शेवट बी माझा नाय. मी लिहिलेला शेवट आता सांगतो. ऐकायचा तर ऐका."

"वाजव!" मागून शकीलभाई ओरडला.

मग मी तो शेवट सांगितला. पाठ होता, माझाच होता. पाचही जणांना शेवटी खोली मिळते. त्याच दिवशी बातमी फुटते की सोसायटीत राक्षस राहायला आलेत. सगळे गोळा होतात. दारासमोर येतात. हातात पेटलेले टेंभे, खोली जाळायला. आत सुमननं खिचडी टाकलेली. लाइट गेलेली. अंधारात ताटं सापडत नाहीत. चकवा खिडकीतून बाहेर बघतो आणि म्हणतो, बरं झालं, उजेड आला. शेवटचं वाक्य: 'आन मग आम्ही त्यांच्या उजेडात जेवाय बसलो.'

निळे शर्ट टाळ्या वाजवत होते. बाकीचे एकमेकांकडे बघत होते, वाजवायच्या की नाही हे कोण सांगणार म्हणून. पुढच्या रांगेतले काही जण उठून निघाले. सर माइककडे आले, मी माइक सोडला नाही. आमची ओढाओढ झाली. एका बाजूला शाल, एका बाजूला शिंगं. त्याचा फोटो मात्र फोटोवाल्यानं घेतला. छान आलाय म्हणतात.

"तुम्ही या व्यासपीठाचा अपमान करताय," सर म्हणाले. आता कुजबूज नव्हती. "आम्ही तुम्हाला माणसांत आणायला निघालो होतो."

"मला ठाऊक हाय, सर. पान उघडून बघितलं मी." मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "या पुस्तकावरून माझं नाव काढा. आजच्या आज. एकही प्रत माझ्या नावानं बाहेर गेली तर मी प्रत्येक प्रतीच्या मागं जाऊन हे असंच ओरडून सांगीन. आवाज ऐकलाच तुम्ही."

आणि उतरलो. पायऱ्यांवरून, मधल्या वाटेनं, मुखवट्यासकट. बाया गजरे सावरत बाजूला झाल्या. वाईट वाटलं? नाही. मजा आली. सांगायला लाजत नाही, फार मजा आली.

त्यानंतर नाशकात माझं नाव झालं. 'तो विचित्र माणूस.' 'कृतघ्न.' एका सद्गृहस्थानं पेपरात लिहिलं की अशा लोकांना संधी दिली की हे असं होतं. अशा लोकांना. ते मी कॅन्टीनमध्ये अभिनयासकट वाचून दाखवलं. पोरांनी ताटं वाजवली.

मग एक दिवस ताईंचा फोन आला. मऊ आवाज. खोक्यांत भरलेली पुस्तकं तशीच पडून आहेत म्हणाल्या. सरही आता शांत झालेत. आपण तोडगा काढू.

"पुन्हा छापू आपण. दादा, तुमचा 'आम्ही' परत घालू. सगळीकडे. तुमची भाषाही ठेवू, नाय-हाय सगळं. सर तयार आहेत. फक्त शेवट आमचा राहू द्या. एवढं एक पान. एका पानासाठी कशाला हट्ट?"

खरं सांगायचं तर 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. कारण पुस्तक हवं होतं मला. अजून हवं आहे. वय पन्नाशी ओलांडलंय, कंपनीतली कॅन्टीनची पोरं बदलतात, तोंडानं सांगितलेलं तोंडाबरोबर जातं. छापलेलं राहतं. हे मला कळतं. ताईंनाही कळत होतं, म्हणून त्या थांबून राहिल्या. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. प्रेमळ श्वास.

"ताई," मी म्हणालो, "आम्ही आम्हीच असू, तर शेवट तुमचा कसा?"

"म्हणजे नाही?"

"नाय."

"मग हे पुस्तक कधीच निघणार नाही, दादा. नाशकात तरी कोणी काढणार नाही. सर बघतील ते."

"बघू द्या."

तर असं आहे. ही पानं मी तुमच्या भाषेत लिहिली. शुद्ध. येते मला, चांगली येते, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिली. कादंबरी मात्र तिच्याच भाषेत राहील आणि तिच्याच शेवटाला संपेल. अंबडला लग्नपत्रिका छापणारा एक जण आहे, त्याच्याशी बोलणं चालू आहे. तो नाही म्हणाला तर दुसरा. सगळे नाही म्हणाले तर मी कादंबरीची पानं झेरॉक्स करून कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना वाटीन. एकेक प्रकरण. सरांच्या दारातही टाकीन. मरेपर्यंत टाकीन. माझ्या पाचांपैकी एकालाही मी मारणार नाही, सुधारणार नाही, आणि त्यांच्याबद्दल 'ते' असं एकदाही लिहिणार नाही.